ट्राम, चुंबकसूची आणि पवईची मेट्रो

मुंबईत विजेची ट्राम धावू लागली ती ७ मे १९०७ रोजी. शहराच्या इतिहासात हा दिवस आवर्जून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे, कारण कारकून, कामगार आणि किरकोळ विक्रेता यांना शहर ओलांडण्याचे एक स्वस्त साधन त्या दिवसापासून मिळाले. परंतु त्याआधी एक वर्ष, १९०६ साली, कुलाब्याच्या सरकारी वेधशाळेतील एक काम कायमचे थांबले होते. त्याची आठवण मात्र फारसे कोणी काढत नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे वेध तेथे १८४१ पासून घेतले जात होते. ते बंद झाले आणि समुद्रापलीकडे अलिबागेस पुढे चालू झाले. या स्थलांतरास कारण झाली ती याच ट्रामची वीज.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापिली. कंपनीला ज्ञानाची तहान लागली होती असे समजण्याचे कारण नाही. तिला जहाजे चालवावयाची होती, आणि होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते हे ठाऊक असल्याखेरीज जहाज सुरक्षितपणे बंदराला लागत नव्हते. साम्राज्याच्या या गरजेतून ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. मराठी वाचकाला अगत्य वाटावे अशी गोष्ट ही की, मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले, आणि पुढे गणिती म्हणून कीर्ती पावलेले केरुनाना छत्रे यांचे वेधविद्येचे शिक्षणही ऑर्लिबारांच्या हाताखाली याच ठिकाणी झाले. उपकरणे साहेबाची होती. परंतु ती वाचणारे डोळे, निदान काही प्रमाणात, येथल्याच माणसांचे होते.

या डोळ्यांनी काय टिपले याचा पुरावा तब्बल दीडशे वर्षांनी जगापुढे आला. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन याने सूर्यावर एक तेजस्वी स्फोट पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. युरोप-अमेरिकेतील तारयंत्रे बिघडली. कुलाब्यात साहाय्यक नेहमीप्रमाणे दर तासाला नोंद घेत होते आणि क्षेत्र खवळताच काही मिनिटांच्या अंतराने घेऊ लागले. क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याचे त्यांनी लिहून ठेवले. २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि ॲलेक्स या शास्त्रज्ञांनी त्या वह्यांतील आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा त्या वादळाची तीव्रता ठरविण्यास कुलाब्याचीच नोंद मुख्य आधार ठरली. यांतील लखिना आणि ॲलेक्स हे मुंबईतच स्थापन झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. पगारी साहाय्यकांनी तेलाच्या दिव्याच्या काळात डोळ्यांनी वाचलेला आकडा आजच्या उपग्रहयुगात कामास यावा, याहून मोजमापाच्या सामाजिक मूल्याचा दाखला तो कोणता हवा? अशा वादळाचा फटका कसा असतो हे कॅनडातील क्वेबेक प्रांताने १३ मार्च १९८९ रोजी अनुभवले. तेथील वीजजाळे कोलमडले आणि साठ लाख माणसे कित्येक तास अंधारात राहिली.

आता ट्रामने या कामात विघ्न कसे आणले, ते पाहू गेल्यास हिशेब अवघड नाही. मुंबईच्या परिसरात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असते. रोजच्या सूर्यप्रकाशाबरोबर त्यात काही दशकांचा चढउतार होतो. शास्त्रज्ञाला हाच चढउतार मोजावयाचा असतो, आणि तोही एका नॅनोटेस्लापर्यंत, आजच्या उपकरणांनी तर त्याच्या दशांशापर्यंत. तारेतून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. एका लांब, सरळ तारेतून १००० अँपिअर वाहत असतील, तर एक किलोमीटर अंतरावरही त्या एकट्या तारेचे क्षेत्र २०० नॅनोटेस्ला भरते. परतीचा प्रवाह शेजारून उलट दिशेने जात असला तर दोन्ही क्षेत्रे एकमेकांना बव्हंशी खोडून काढतात. परंतु ट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून जाई, आणि रूळ तर जमिनीत पुरलेले. त्यातला काही भाग वाट सोडून मातीत शिरे, ओलसर जमिनीतून, पाण्याच्या नळांतून मैलोगणती भटके आणि मग वीजघरात परते. (असा भटका प्रवाह नळ कुरतडतो हेही त्या काळच्या अभियंत्यांना माहीत होते.) भटकलेल्या प्रवाहाला जोडीदार नसतो, म्हणून त्याचे क्षेत्र कोणी खोडत नाही. गाडी सुटली, थांबली, चढ चढली की सुई हलावयाची. सूर्याने हलविली की ट्रामने, हे मग कोणी सांगावे?

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी हे संकट येण्यापूर्वीच ओळखले. त्यांनी शहराच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटरांवर, मधे समुद्राची आडकाठी असलेले अलिबाग निवडले. तेथील इमारती पोरबंदरच्या दगडात बांधल्या गेल्या, जोडकामात लोखंड टाळून तांबे-पितळ वापरले गेले. परंतु मूस यांचे खरे शहाणपण याच्याही पुढचे आहे. १९०४ साली अलिबागेस वेध सुरू झाले तरी कुलाबा लगेच बंद झाले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू राहिले. त्यामुळे जुन्या जागेचे आकडे आणि नव्या जागेचे आकडे यांच्यामध्ये किती अंतर धरावयाचे हे निश्चित झाले आणि १८४१ पासूनची साखळी तुटली नाही. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी ग्रंथरूपाने छापून काढल्या.

या घटनाक्रमातील एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वीजपुरवठा व ट्राम चालविणारी कंपनी १९०५ साली स्थापन झाली आणि पहिली गाडी १९०७ साली निघाली. म्हणजे नवे ठिकाण, नव्या इमारती, दोन वर्षांची समांतर मोजणी हे सारे गाडी धावण्यापूर्वी पार पडले होते. ट्राम नको असे मूस म्हणाले नाहीत. ट्राम येणारच आहे आणि ती यावयास हवी, हे गृहीत धरून त्यांनी वेळेत आपली व्यवस्था लावली.

अलिबागऐवजी त्यांनी साष्टीत जागा घेतली असती तर? अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही तेव्हा भातखाचरांची आणि ताडामाडांची गावे होती. शांतता विपुल होती. परंतु ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे विजेची आगगाडी निघाली आणि १९२८ साली पश्चिमेकडील रेल्वेवर ती बोरिवलीपर्यंत पोहोचली. १५०० व्होल्टांचा एकदिश प्रवाह, म्हणजे ट्रामपेक्षा कैकपट मोठे संकट. वीस-पंचवीस वर्षांत वेधशाळेला दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलवावे लागले असते. ही कल्पना अतिशयोक्त नाही. ग्रीनिचच्या जगप्रसिद्ध वेधशाळेवर नेमका हाच प्रसंग आला. रेल्वेच्या विद्युतीकरणामुळे तिची चुंबकीय उपकरणे १९२४ साली ॲबिंजरला न्यावी लागली आणि १९५७ साली तेथूनही उठवून हार्टलंडला. जर्मनीत पॉट्सडॅमची वेधशाळा प्रथम सेडिनला आणि नंतर नीमेकला गेली. अलिबागची वेधशाळा शंभरांहून अधिक वर्षे एकाच जागी उभी आहे.

हा इतिहास उपनगरांना आज उकरून काढावासा वाटला पाहिजे, कारण पूर्वीची साष्टी आता स्वतःच प्रयोगशाळांचे आणि रुग्णालयांचे गाव झाली आहे. एका बाजूस अंधेरी, दुसऱ्या बाजूस घाटकोपर-मुलुंड आणि मधे पवई. १९५८ साली पवईस भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. तिच्याच आवारात १९८४ साली स्थापन झालेली ‘समीर’ ही सूक्ष्मलहरींची सरकारी संस्था आहे. कर्करोगावरील किरणोपचारासाठी देशी यंत्र तिने घडविले आणि देशी एमआरआय यंत्राचे कामही तिनेच हाती घेतले. अशा ठिकाणी जी उपकरणे वापरली जातात त्यांना चुंबकीय क्षेत्र हा शत्रूही असतो आणि मित्रही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात चुंबकीय भिंगांनीच इलेक्ट्रॉनांचा झोत एकाग्र करावयाचा असतो; पण बाहेरून आलेले, दहा-वीस नॅनोटेस्लांइतके क्षीण, सतत बदलणारे क्षेत्र तोच झोत डळमळविते. अणूंच्या रांगा पाहावयाच्या तेथे धूसर डाग दिसतो. उपकरण कोट्यवधी रुपयांचे असले तरी मग त्याची विभेदनक्षमता कागदावरच राहते.

या पवईच्या दारावरून, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने, मेट्रो क्रमांक ६ चा उन्नत मार्ग आखला गेला आहे. लांबी सुमारे पंधरा किलोमीटर, स्थानके तेरा, आणि त्यांतील एक थेट आयआयटीच्या नावाचे. पूर्वेस मुलुंड-घाटकोपरकडे मेट्रो ४ चे काम आहे. अंधेरी ते दहिसर पट्ट्यात मेट्रो ७ सुरू झाली आहे आणि वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग तर ८ जून २०१४ पासून चालू आहे. उपनगरातील माणसाला या मार्गांची गरज किती आहे हे सकाळी आठ वाजता अंधेरीच्या पुलावर किंवा घाटकोपरच्या जिन्यावर उभे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. लोकलच्या दारात एका पायावर लोंबकळत जाणाऱ्या माणसाला ‘सूक्ष्मदर्शकाला त्रास होतो, तुम्ही थांबा’ असे सांगणे निर्लज्जपणाचे होईल. विज्ञानाचे नाव घेऊन कोणी तसे सांगू लागलाच तर त्याला विरोधच व्हावयास हवा.

तसे सांगण्याची गरजही नाही, आणि येथेच तांत्रिक तपशील सार्वजनिक चर्चेत येणे आवश्यक ठरते. उपनगरी रेल्वेने १५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहाचा त्याग करून २५,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला. पश्चिम रेल्वेवर हे परिवर्तन २०१२ साली पूर्ण झाले, मध्य रेल्वेवर त्यानंतर. मेट्रोचे मार्गही याच व्होल्टतेवर चालतात. तीन मेगावॅट शक्ती घेणारी गाडी धरली, तर जुन्या पद्धतीत तिला २००० अँपिअर लागत. नव्या पद्धतीत १२० पुरतात. शंभर मीटरांवर १२० अँपिअरच्या एकाकी तारेचे क्षेत्र २४० नॅनोटेस्ला होईल. परंतु परतीचा प्रवाह पाच मीटरांवरून शिस्तीने परत नेला तर उरलेले क्षेत्र दहा-बारा नॅनोटेस्लांवर येते. हा स्थूल हिशेब आहे. प्रत्यक्षात काही प्रवाह जमिनीत भटकणारच. तरी त्यातून एवढे स्पष्ट होते की, उपद्रव किती व्हावा हे दैवाने ठरत नसून तारांची मांडणी, वीजपुरवठ्याचे टप्पे आणि परतीची वाट यांवरून ठरते. आखणीच्या वेळी विचार केला तर हे थोड्या खर्चात साधते. गाडी धावू लागल्यावर त्यासाठी प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतंत्र कवच, प्रतिक्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्यांची यंत्रणा, प्रसंगी नवी इमारत इतके सारे करावे लागते.

अमेरिकेतील सिॲटल शहराने विद्यापीठाखालून शहरी रेल्वे नेताना हा विचार केला. चुंबकीय क्षेत्र आणि कंपने यांच्या मर्यादा रेल्वे प्राधिकरणाने विद्यापीठाशी करार करून मान्य केल्या, मार्गाची व वीजपुरवठ्याची रचना त्यानुसार केली, आणि २०१६ च्या मार्चमध्ये गाडी विद्यापीठाजवळ पोहोचली. प्रवाशांचेही काम झाले, प्रयोगशाळांचेही. अशा करारात एक तत्त्व अध्याहृत आहे: जो प्रकल्प उपद्रव निर्माण करतो, त्याच्या अंदाजपत्रकात त्या उपद्रवाच्या निवारणाचा खर्च आरंभीच धरला जावा. हे तत्त्व धुरासाठी आणि सांडपाण्यासाठी मान्य झाले आहे. चुंबकीय क्षेत्र डोळ्यांना दिसत नाही, नाकाला जाणवत नाही, म्हणून ते त्यातून निसटते.

ते निसटल्याचा भार कोणावर पडतो हा खरा प्रश्न. पवईच्या मोठ्या संस्थेला तक्रार करता येते, मंत्रालयात तिचे पत्र वाचले जाते. परंतु मुलुंड, बोरिवली किंवा अंधेरीच्या स्टेशनलगतच्या रस्त्यावर तळमजल्यात एमआरआय यंत्र बसविले जाते, तेव्हा त्या यंत्रासमोर आडवा झालेला रुग्ण कोणाला पत्र लिहिणार? एमआरआयचे सर्वसाधारण यंत्र दीड टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून प्रबळ. चित्र स्पष्ट यावे म्हणून ते क्षेत्र आतल्या जागेत दशलक्षात काही अंशांपर्यंत एकसारखे असावे लागते. दीड टेस्लाचा दशलक्षांश म्हणजे १५०० नॅनोटेस्ला. शेजारून जाणारी अवजड बस, भिंतीपलीकडचे उद्वाहन, जवळची वीजवाहिनी यांचा यंत्राला उपसर्ग होऊ नये म्हणून जागा निवडताना मोजणी करावी लागते, कवच घालावे लागते. त्याचा खर्च तपासणीच्या शुल्कात येतो आणि तो रुग्ण भरतो. कवचात काटकसर झाली तर चित्रात दोष येतो, आणि तोही रुग्णच सोसतो. राजावाडी, भगवती, अगरवाल या पालिका-रुग्णालयांच्या दाराशी येणाऱ्या माणसाला दुसरीकडे जाऊन पुन्हा चित्र काढून घेणे परवडत नाही.

अदृश्य क्षेत्राची किंमत कोण चुकवितो याचे याहून दारुण उदाहरण मुंबईने जानेवारी २०१८ मध्ये पाहिले आहे. पालिकेच्या नायर रुग्णालयात आपल्या आप्ताच्या सोबतीला आलेला एक बत्तीस वर्षांचा तरुण प्राणवायूची टाकी घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला. चुंबकाने त्याला टाकीसह खेचून घेतले आणि त्याचा मृत्यू झाला. डॉक्टर व कर्मचारी यांच्यावर गुन्हा नोंदविला गेला. हा प्रश्न मोजमापाच्या अचूकतेचा नव्हता हे खरे. परंतु एमआरआयचे अतिवाहक चुंबक तपासणी चालू नसतानाही जागेच असते, ही साधी गोष्ट दारावरच्या प्रत्येक माणसाला कळलेली असणे हाही विज्ञानाच्या व्यवस्थेचाच भाग आहे. यंत्रावर कोटी खर्च करावयाचे आणि दारावर पुरेसा प्रशिक्षित माणूस ठेवावयाचा नाही, ही रीत मूस यांच्या परंपरेतील नव्हे.

मोठ्या संस्थांच्या बाबतीतही एक सावधगिरी बाळगावी लागेल. ‘मार्ग थोडा सरकवा’ हा उपाय नकाशावर निरुपद्रवी दिसतो. मुंबईच्या उपनगरांत रेषा सरकते तेव्हा ती बहुधा कोणाच्या तरी झोपडीवर जाऊन थांबते. ज्यांच्या नावाने सातबारा नाही, ज्यांच्याजवळ शास्त्रीय अहवाल नाही, त्यांच्याकडे रेषा सरकविणे सर्वांत सोपे असते. सूक्ष्मदर्शकाच्या दहा नॅनोटेस्लांसाठी शंभर कुटुंबे विस्थापित होणार असतील तर तो व्यवहार कोणत्याही समाजवाद्याला मान्य होणार नाही, आणि खऱ्या शास्त्रज्ञालाही होऊ नये. मार्ग न हलविता तारा आणि कवचे यांच्या रचनेतून प्रश्न सोडविता येतो, हे वरील हिशेबावरून दिसतेच.

अलिबागेची वेधशाळाही आता पूर्वीच्या एकांतात राहिलेली नाही. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, विरार-अलिबाग मार्गिका आखली गेली आहे, आणि किनाऱ्यावर धनिकांच्या बंगल्यांची रांग वाढते आहे. १९०४ साली समुद्राने जे संरक्षण दिले ते पुलाने बरेचसे काढून घेतले. तेथील नोंदींची १८४१ पासून चालत आलेली साखळी एकदा खंडित झाली तर पैसे देऊन विकत आणता येणार नाही. गेलेल्या दिवसाचे चुंबकीय क्षेत्र पुन्हा मोजता येत नाही.

पवईलाही हेच लागू आहे. मेट्रो ६ वर २०२५ अखेर प्रवासी गाडी धावलेली नव्हती. खांब उभे राहिले होते, वीज खेळत नव्हती. मार्गालगतच्या प्रयोगशाळांत, रुग्णालयांत आणि वस्त्यांतही या अवस्थेतील क्षेत्र मोजून ठेवले असेल तर ते आकडे प्राधिकरणाने छापून लोकांपुढे ठेवावेत. मोजले नसेल तर भूचुंबकत्व संस्था नवी मुंबईत आहे, आयआयटी रस्त्याच्या कडेलाच आहे. काही संवेदक, दोन-चार संशोधक आणि काही महिने एवढेच त्याला लागते. वीज एकदा सुरू झाली की गाडीपूर्वीची पवई मोजण्याची सोय राहणार नाही.